कूलंटची सरमिसळ

इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाला कूलंट म्हणतात. इंजिनात एका रसायनाचे कूलंट असताना त्यावर दुसऱ्या रसायनाचे कूलंट किंवा नुसते पाणी ओतले जाते, तेव्हा त्याला कूलंटची सरमिसळ म्हणतात. मराठवाड्यात ही सरमिसळ फक्त दोन डब्यांची क्वचितच असते. आधीचे हिरवे, वरून ओतलेले गुलाबी आणि मधल्या काळात वेळ मारून नेण्यासाठी घातलेले बोअरचे पाणी अशी ती बहुधा तिहेरी असते. या तिघांत सर्वांत जास्त नुकसान पाणी करते, आणि दोष मात्र कूलंटच्या डब्याला लागतो.

कूलंट म्हणजे पाणी, ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्ये यांचे मिश्रण. ग्लायकॉल बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल असते. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असे मिश्रण साधारण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. मराठवाड्याला या गुणाचा काही उपयोग नाही, कारण परभणीच्या कडाक्याच्या थंडीतही पारा शून्याखाली जात नाही. इथे उपयोगी पडतो तो दुसरा गुण. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे तिथे साधे पाणी उघड्यावर साधारण ९८ अंशांनाच उकळते. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाखाली सव्वाशे अंशांच्या पुढे जातो. बाहेर ४३ अंशांचे ऊन, एसी चालू, गाडीत पाच माणसे आणि समोर मांजरसुंब्याचा घाट, अशा वेळी इंजिनाला हाच फरक सांभाळून नेतो.

गंजरोधकांचे प्रमाण थोडे असते, पण कूलंटची जात त्यांच्यावरून ठरते. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट अशी अजैविक द्रव्ये असतात. अशा कूलंटला आयएटी म्हणतात. ही द्रव्ये धातूवर लगेच सर्वत्र पातळ थर धरतात, पण लवकर संपतात, म्हणून असे कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलतात. ओएटी प्रकारात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते सगळीकडे थर न धरता जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतात, त्यामुळे सावकाश खर्च होतात आणि पाच वर्षे किंवा त्याहून अधिक टिकतात. दोन्हींच्या मधला प्रकार संकरित. युरोपीय कंपन्या त्यात सेंद्रिय क्षारांबरोबर थोडे सिलिकेट ठेवतात, तर जपानी कंपन्या फॉस्फेट. पाणी जड, म्हणजे क्षारांनी भरलेले, असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटचे जमत नाही. जपानी पद्धतीचे कूलंट आपल्या भागात वापरताना हे विशेष लक्षात ठेवावे लागते.

रंगावरून यातले काहीच कळत नाही. कूलंट मुळात रंगहीन असते. गळती दिसावी आणि ते पाणी समजून कोणी पिऊ नये म्हणून त्यात रंग घालतात, आणि कोणत्या रसायनाला कोणता रंग याचा सर्वमान्य नियम नाही. हिरवे म्हणजे जुन्या पद्धतीचे, नारिंगी किंवा गुलाबी म्हणजे ओएटी, हा एके काळचा ढोबळ संकेत आता मोडला आहे. हिरव्या रंगाचे ओएटीही बाजारात मिळते. ‘हिरव्यात हिरवे चालते’ हे काउंटरवर ऐकू येणारे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे. डब्यावरचे प्रकाराचे नाव आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला क्रमांक या दोनच गोष्टींवर विसंबावे.

भिन्न कूलंट एकत्र आल्यावर काय होते याबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणजे लगेच दही जमते, आणि दुसरे म्हणजे काही होत नाही. बहुतेक वेळा डोळ्यांना काहीच दिसत नाही. नुकसान होते ते आयुष्याचे. सेंद्रिय क्षार ठरावीक प्रमाणाच्या खाली गेले की राखण करू शकत नाहीत, आणि सोबतचे सिलिकेट तर काही महिन्यांत संपून जाते. पाच वर्षांचे कूलंट अशा वेळी दोन वर्षांचेच उरते, पण मालक मात्र पाच वर्षांच्या भरवशावर गाडी चालवत राहतो. ॲल्युमिनियमचे हेड आणि रेडिएटर याच काळात आतून खाल्ले जातात.

काही जोड्यांत मात्र खरोखरच गाळ धरतो. सिलिकेट पाण्यात विरघळून राहते ते विशिष्ट अल्कलीपण आणि सोबतचे स्थिरकारक यांच्या आधाराने. हा तोल बिघडला की त्याचे कण एकमेकांना धरतात आणि जेल बनते. फोक्सवॅगन समूहाच्या जुन्या गाड्यांतले निळसर-हिरवे जी-११ आणि नंतरचे लाल जी-१२ यांची सरमिसळ यासाठी कुप्रसिद्ध आहे. मिश्रण तपकिरी झाले की मिस्त्रीला झाला प्रकार कळत असे. कंपनीने पुढच्या आवृत्त्या आधीच्या कूलंटशी जुळतील अशा केल्या. समूहातल्या स्कोडाच्या गाड्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून तयार होऊ लागल्या, त्यामुळे मराठवाड्याला हे नाव नवे नाही.

आता पाण्याकडे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. हीटरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते, स्टीलच्या तांब्याला आतून कडा येतो, तेच पाणी रेडिएटरमध्ये जाते. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षांत बोअर आणखी खोल जातात, आणि खोलवरचे पाणी बहुधा जास्त जड असते. तापल्यावर त्यातले क्षार इंजिनाच्या सर्वांत गरम भागावर, म्हणजे सिलिंडर हेडभोवती, थर धरतात. हा थर उष्णता अडवतो. पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक भोके पाडते. शिवाय कॅल्शियम हे कूलंटमधल्या फॉस्फेट आणि सिलिकेटला धरून खाली बसते, म्हणजे गंजरोधकच गाळात जातो. नवे, महागाचे कूलंट आणून अर्धे बोअरचे पाणी मिसळणाऱ्याने त्याचा जीव आधीच घेतलेला असतो. पाणी बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळते ते डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे. जारचे आरओचे पाणी बोअरपेक्षा बरे, पण प्रत्येक प्लांटचे सारखे नसते.

गाळ आधी कुठे अडकतो हे पाहिले, तर मराठवाड्यात हा बिघाड इतका उशिरा का कळतो ते समजते. रेडिएटरच्या चपट्या नळ्यांइतकीच अरुंद जागा केबिनच्या हीटरच्या जाळीत असते. थंड मुलखात हीटर गरम हवा देईनासा झाला की चालक सावध होतो. इथे डिसेंबर-जानेवारीतले चार दिवस सोडले तर हीटर कोणी लावतच नाही, आणि ही पहिली सूचना वाया जाते. मग एप्रिलमध्ये चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना एसी गार हवा देईनासा होतो. इंजिन तापले की पुष्कळ गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो. पण मालक गाडी नेतो एसीवाल्याकडे. तिथे गॅस भरून घेतला जातो, आणि आठवड्याने हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील, उडते. अनेक नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त दिवा असतो. तो लाल होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडून पाहिले तर बरेच कळते. चांगले कूलंट गोळीच्या सरबतासारखे पारदर्शक दिसते, कोणत्याही रंगाचे असो. बिघडलेले गढूळ, चहाच्या रंगाचे असते. झाकणाच्या रबराखाली बोट फिरवले की पिठल्यासारखा लगदा हाताला लागतो आणि चिमटीत चोळला की आत बारीक कचकच जाणवते. लगदा तेलकट, दुधाळ असेल तर ती सरमिसळ नव्हे. तिथे गॅस्केटमधून ऑइल पाण्यात आलेले असू शकते. रेडिएटर झिरपतो म्हणून आत हळद टाकण्याची जुनी ट्रकवाली युक्तीही असाच पिवळा गाळ मागे ठेवते.

ट्रक आणि ट्रॅक्टरची गोष्ट थोडी वेगळी. ज्या डिझेल इंजिनांत लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीला, बाहेरून थेट पाणी लागते, तिथे लायनरच्या थरथरीने बुडबुडे फुटतात आणि लायनरला सुईएवढी भोके पडतात. ते टाळण्यासाठी अशा कूलंटमध्ये नायट्राइटसारखी द्रव्ये मुद्दाम घालतात. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये कारचे उरलेले कूलंट ओतणे म्हणूनच काटकसर ठरत नाही.

रस्त्यात कूलंट कमी पडले आणि हाताशी योग्य डबा नसला, तर दुसऱ्या जातीच्या कूलंटपेक्षा थोडे स्वच्छ पाणी घातलेले बरे. डिस्टिल्ड नसेल तर मिळेल ते घालून जवळचे गाव गाठावे, पण त्याच आठवड्यात ते सगळे काढून टाकावे. तापलेल्या गाडीचे झाकण अर्धा तास तरी उघडू नये. दाब सुटताच उकळते कूलंट तोंडावर उडते आणि गॅरेजांतल्या भाजण्याच्या घटना बहुधा अशाच घडतात.

सरमिसळ झालीच असेल तर उपाय एकच, सगळे काढून धुणे. खालचा पाइप सोडून रेडिएटर रिकामा करतात, डिस्टिल्ड वॉटर भरतात, हीटर पूर्ण गरमवर ठेवून फॅन लागेपर्यंत इंजिन चालवतात आणि गार झाल्यावर पुन्हा काढतात. पाणी नितळ येईपर्यंत दोन-तीनदा हे करावे लागते. यात एक चूक हमखास होते. धुतल्यावर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये लिटर-दोन लिटर पाणी राहते, आणि त्यावर तयार मिश्रण भरले की ते पातळ होते. म्हणून शेवटच्या भरणीला कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेले कूलंट, घ्यावे. एकूण मापाच्या निम्मे आधी ओतून उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी आणि हवा काढावी. नुसते कॉन्सन्ट्रेट भरणेही चूक. पाण्यापेक्षा ग्लायकॉल उष्णता कमी वाहून नेते.

काढलेले कूलंट गॅरेजच्या मागे मातीत किंवा नालीत सोडले जाते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि पोटात गेल्यावर त्यापासून ऑक्झॅलेटचे खडे बनून मूत्रपिंडे निकामी होतात. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात फिरणारी कुत्री आणि शेळ्या अशा डबक्याला तोंड लावतात. लहान मुलांनाही तोच धोका. काढलेले कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरावे, वर ‘विष’ असे लिहावे, आणि पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते कधीच ठेवू नये.