एनएफएल वाढलं म्हणजे स्मृतिभ्रंश? नाही!

‘रक्तातलं एनएफएल नॉर्मलच्या वर गेलं की मेंदूचा आजार पक्का’ हा समज चुकीचा आहे. एनएफएल म्हणजे न्यूरोफिलामेंट लाइट, हे चेतातंतूंमधलं प्रथिन. तंतूंना इजा झाली की ते रक्तात जास्त उतरतं. इजा कशाने झाली, हे मात्र ते सांगत नाही. शिवाय निरोगी माणसातही ते वयानुसार वाढतं. तिशीतल्यांची मर्यादा सत्तरीतल्या आजोबांना लावणं हा त्यांच्यावर अन्यायच. मूत्रपिंडाचं काम मंदावलं तरी आकडा चढतो, वजन जास्त असेल तर कमी दिसू शकतो. आणि ‘नॉर्मल’ची कक्षा बहुधा निरोगी लोकांपैकी ९५ टक्क्यांवरून आखतात, म्हणजे उरलेले ५ टक्के धडधाकट असूनही कक्षेबाहेर! रिपोर्टवरची कक्षा कोणत्या वयोगटाची आहे, हे डॉक्टरांना आधी विचारा.