‘साठीच्या आत सांधा बदलू नये’ म्हणे!

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात पारावर हमखास ऐकू येतं: ‘साठीच्या आत गुडघा बदलू नका, दहा वर्षांत खिळखिळा होतो.’ हे जुनं गणित झालं. 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षं टिकतात, खुब्याचे सुमारे 58 टक्के.

भीती अगदीच पोकळ नाही म्हणा. 2017च्या ब्रिटिश अभ्यासात सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांना पुढे पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता सुमारे 5 टक्के निघाली, तर पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या पुरुषांत 35 टक्क्यांपर्यंत. म्हणून वजन, व्यायाम, औषधं आधी.

पण आमची काकू 48 वर्षांची. केळीच्या बागेत दर दहा पावलांना बांधावर टेकायची, रात्री कूस बदलताना कण्हायची. तिने आणखी बारा वर्षं नुसती कळ काढायची? तोवर मांडीचे स्नायू सुकतात, पाय वाकत जातो, मग ऑपरेशनही अवघड. डॉक्टरांनी तिचं वय शेवटी विचारलं; आधी झोप, चालणं आणि एक्स-रे पाहिला. डोक्यावरून घड वाहणं मात्र कायमचं सोडावं लागेल, हे तिच्याकडून आधीच कबूल करून घेतलं.