वृद्धांतील स्मृतिभ्रंश व नैराश्य : मेंदूचे प्रतिमाचित्रण

उतारवयात विसराळूपणा, मंदावलेल्या हालचाली, कशातच मन न लागणे अशा तक्रारी सुरू झाल्या की त्यामागे स्मृतिभ्रंश आहे, नैराश्य आहे की दोन्ही, याचा शोध घेताना सीटी (क्ष-किरणांवर आधारित), एमआरआय (चुंबकीय) व पेट (किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतली जाणारी) या तंत्रांनी मेंदूच्या प्रतिमा घेतल्या जातात. स्मृतिभ्रंशाच्या निदानात या प्रतिमांना भक्कम स्थान आहे. नैराश्याचे निदान मात्र आजही रुग्णाशी व घरच्यांशी बोलूनच होते. हा फरक तपासणीपूर्वीच कुटुंबाला समजावून सांगणे अत्यंत गरजेचे असते, कारण ‘स्कॅन नॉर्मल’ म्हणजे आजारच नाही असे समजून नैराश्याचे उपचार लांबणीवर पडतात.

१९७१ मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. तोवर मेंदूची झीज पाहण्यासाठी त्यातील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र काढावे लागे, आणि ती पद्धत फार वेदनादायक होती. प्रतिमाचित्रणाचे पहिले काम आजही बरे होऊ शकणारी कारणे शोधण्याचे आहे. घरात पाय घसरून डोक्याला लागलेला किरकोळ मार वृद्ध व्यक्तीच्या लक्षातही राहत नाही; काही आठवड्यांनी कवटीखाली साचलेले रक्त गोंधळलेपणाच्या रूपाने प्रकट होते, आणि ते शस्त्रक्रियेने काढता येते. गाठी किंवा मेंदूच्या पोकळ्यांत साचलेले पाणीही असेच सापडते. यासाठी साधा सीटी स्कॅनही बहुधा पुरेसा ठरतो.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराच्या शंकेत एमआरआयवर हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग बारकाईने पाहतात. शेल्टन्स व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत त्याची उंची व भोवतालच्या फटींची रुंदी पाहून ० ते ४ गुण देतात; जास्त गुण म्हणजे जास्त झीज. साधारणपणे पंचाहत्तरीच्या आतील व्यक्तीत २ गुण झीज सुचवतात, पण तेवढेच गुण ऐंशी वर्षांच्या व्यक्तीत वयानुरूप असू शकतात. म्हणून वय न पाहता वाचलेला अहवाल दिशाभूल करतो.

पेट तपासणीत मेंदूचा ग्लुकोजवापर दिसतो. अल्झायमरमध्ये तो पार्श्व (डोक्याच्या वरच्या-मागच्या) व शंख (कानाजवळच्या) खंडांत, तर फ्रंटोटेम्पोरल या दुसऱ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशात ललाट (कपाळामागील) खंडात व शंख खंडाच्या पुढील भागात घटतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पिट्सबर्गच्या क्लंक व मॅथिस यांनी विकसित केलेल्या रसायनाच्या साह्याने जिवंत रुग्णाच्या मेंदूतील अमायलॉइडचे, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाचे, साठे दाखवता आले. मात्र असे साठे स्मरणशक्ती शाबूत असलेल्या अनेक वृद्धांतही आढळतात, त्यामुळे लक्षणे नसताना ही तपासणी नित्याने करू नये.

नैराश्यात चित्र अधिक धूसर आहे. उतारवयात प्रथमच नैराश्य आलेल्या बऱ्याच रुग्णांच्या एमआरआयवर, विशेषतः फ्लेअर या एमआरआयच्या प्रकारातील प्रतिमांत, मेंदूच्या श्वेत द्रव्यात (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंत) पांढरे ठिपके व पट्टे दिसतात. ते बारीक रक्तवाहिन्यांच्या विकाराचे लक्षण असते आणि उच्च रक्तदाब व मधुमेह असलेल्यांत अधिक आढळते. १९९७ मध्ये ॲलेक्सोपोलस व सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘रक्तवाहिनीजन्य नैराश्या’च्या संकल्पनेनुसार या विकारामुळे ललाटखंड व मेंदूतील खोलवरची केंद्रे यांना जोडणारे मार्ग दुबळे होतात, परिणामी नियोजनाची क्षमता व उत्साह कमी होतो आणि औषधांचा प्रतिसादही काहींत कमी मिळतो. परंतु हेच ठिपके नैराश्य नसलेल्या वृद्धांतही सर्रास असतात, आणि केवळ त्यांवरून एखाद्याला नैराश्यग्रस्त ठरवता येत नाही.

नैराश्यामुळे स्मृती मंदावून स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दिसतात, तेव्हा उपचारांनी ती सुधारू शकतात. तरीही अशा रुग्णांपैकी काहींना पुढे खरा स्मृतिभ्रंश होतो, म्हणून सुधारणा झाल्यावरही त्यांची स्मृतिचाचणी ठरावीक काळाने पुन्हा करावी. नव्या एमआरआयची जुन्याशी तुलना केल्यास झिजेचा वेग कळतो. त्यासाठी घरच्यांनी पहिल्या तपासणीची फिल्म किंवा सीडी अहवालासह जपून ठेवावी.