वेत आणि ‘वेत’: अंगणातल्या जेवणासाठी खुर्ची घेताना

नागपुरात फर्निचरच्या दुकानात ‘केनच्या खुर्च्या दाखवा’ म्हटलं की समोर दोन भलत्याच वेगळ्या वस्तू येतात. एक खऱ्या वेताची. दुसरी धातूच्या चौकटीवर प्लास्टिकची पट्टी विणलेली, तीही तपकिरी, तीही वेतासारखीच. दुकानदार दोघींना केन म्हणतो, गिऱ्हाईक जरा नटूनथटून आलेलं असेल तर रॅटन म्हणतो, आणि ऑनलाइन पाहिलं तर तिथे विकर लिहिलेलं असतं.

आधी हा शब्दांचा गुंता सोडवू. वेत, केन आणि रॅटन हे एकच: ताडाच्या कुळातली काटेरी वेल, जी आपल्याकडे प्रामुख्याने ईशान्य भारतातून आणि अंदमानकडून येते. विकर हे मालाचं नाव नाही, विणीचं आहे. त्यामुळे प्लास्टिकच्या खुर्चीला विकर म्हणणं बरोबर, केन म्हणणं चूक. बांबूचा तर यात संबंधच नाही. बांबू हे गवत, बहुधा आतून पोकळ. वेत आतून भरीव, म्हणून तो तापवून हवा तसा वाकवता येतो. गडचिरोलीचा बांबू आपल्या दाराशी असल्यामुळे विदर्भात बांबूची खुर्चीही कधीकधी ‘वेताची’ म्हणून खपते. पेरं ठळक फुगलेली दिसली आणि टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, की तो बांबू.

खरा वेत आणि प्लास्टिक ओळखायला खुर्ची उलटी करा. वरून दोन्ही सारख्या दिसतात, खाली खोटेपणा लपत नाही. वेताच्या दांडीचं कापलेलं टोक पाहिलं तर त्यात सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रं दिसतात. वेतात दर काही इंचांवर पेराची पुसटशी कडी असते आणि एकाच खुर्चीतल्या दोन दांड्यांचा रंग कधी तंतोतंत जुळत नाही. प्लास्टिकची पट्टी पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत एकसारखी असते. छापलेल्या रेषासुद्धा ठरावीक अंतराने पुन्हा येतात.

एवढं ओळखता आलं तरी अर्धंच काम झालं. कारण खरा वेत चांगला आणि प्लास्टिक वाईट, असा सरळ हिशोब नागपुरात चालत नाही.

लोकांना वाटतं वेत पावसाने खराब होतो. होतोच. पण इथे त्याला आधी मारतो तो मे महिना. पारा ४५च्या वर जातो (मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांची नोंद आहे), दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते. वेत सुकतो, आकसतो. सांध्यांवर जी सालपट्टी गुंडाळलेली असते ती सैल पडते, मग तिचं टोक सुटतं आणि बघता बघता अख्खा सांधा उघडा पडतो. त्याच्या आत असतात फक्त एक-दोन खिळे. बसणारा जरा मागे रेलला की खुर्ची कुरकुरायला लागते. जूनमध्ये पाऊस आला की हाच सुकलेला, फटी पडलेला वेत पाणी पितो, फुगतो आणि श्रावणापर्यंत त्यावर काळी बुरशी चढते. म्हणजे घाव उन्हाळ्याचा आणि नाव पावसाचं.

यावर उपाय साधा आहे. उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी ओल्या फडक्याने, फडकं घट्ट पिळून, खुर्ची पुसायची, विशेषतः खालची न रंगवलेली बाजू. कूलरच्या खोलीत ठेवलेली वेताची खुर्ची पोर्चमधल्या खुर्चीपेक्षा जास्त वर्षं टिकते ती ओलाव्यामुळेच. मात्र कूलरच्या थेट झोतात नको, तिथे रोज ओली-कोरडी होऊन पॉलिश उडतं.

दुसरा शत्रू कीड. खुर्चीखाली मैद्यासारखी बारीक पिवळसर भुकटी पडलेली दिसली आणि दांडीवर मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली, तर आत भुंगेरा आहे. तो वेतातल्या स्टार्चवर जगतो. वेत बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून घेतलेला असेल तर हा त्रास होत नाही, पण ते पॉलिशच्या आधी व्हायला हवं. पॉलिश झालेल्या खुर्चीवर वरून द्रावण लावून काही आत जात नाही. आणखी एक, बोरॅक्स पाण्यात विरघळतो. प्रक्रिया केलेली खुर्ची दोन पावसाळे उघड्यावर राहिली की औषध धुऊन गेलं समजा. खाली मातीवर किंवा कच्च्या विटांवर ठेवली तर उधईही पायातून चढते.

आता प्लास्टिक. इथे दोन गोष्टी तपासायच्या: पट्टी आणि चौकट. गिऱ्हाईक पट्टीच पाहतं. घोटाळा बहुतेक वेळा चौकटीत असतो.

तरी पट्टीपासून सुरू करू. चांगली पट्टी पॉलिथिलिनची असते, स्वस्त पट्टी पीव्हीसीची. सीटखाली जादा राहिलेलं टोक असतं, दुकानदाराला सांगून त्यातला दोन इंच तुकडा कापून घ्या. ग्लासभर पाण्यात टाका. पॉलिथिलिन तरंगतं, पीव्हीसी तळाला जातं. (पॉलिथिलिनमध्ये खडूची भुकटी जास्त मिसळली असेल तर तेही बुडतं, पण मग तीही पट्टी घेण्यासारखी नसतेच.) शंका राहिलीच तर तोच तुकडा मोकळ्या हवेत चिमट्यात धरून पेटवा. पॉलिथिलिन मेणबत्तीसारखं जळत राहतं, थेंब पडतात, वासही विझलेल्या मेणबत्तीचा. पीव्हीसीचा धूर नाकाला झोंबतो आणि काडी दूर केली की ते विझतं. धूर मुद्दाम हुंगू नका.

उन्हात पट्टी कशी टिकेल हे मात्र या परीक्षेत कळत नाही. ते अवलंबून आहे तिच्यात घातलेल्या अतिनील-रोधकावर, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. लेखी वॉरंटीत ऊन स्पष्ट लिहिलेलं आहे का, एवढंच पाहता येतं. घरी असलेल्या जुन्या सेटचं निदान सोपं आहे: पट्टीवर बोट घासलं आणि बोटाला पांढरी पावडर लागली, किंवा पट्टी दुमडल्यावर तडकली, तर तिचे दिवस भरत आले. गच्चीवर दिवसभर तळणाऱ्या खुर्चीत हे हाताच्या टेकणीवर आधी दिसतं, कारण ऊन तिथे सरळ पडतं आणि घामाचे हातही तिथेच.

विणीचा ताण हा आणखी एक मुद्दा, जो कुणी सांगत नाही. प्लास्टिक उष्णतेने धातूपेक्षा कितीतरी जास्त पसरतं. जानेवारीत टणक वाटणारी सीट मेमध्ये झोळीसारखी खाली जाते. म्हणून शक्यतो खरेदी उन्हाळ्यात करा आणि सीटच्या मधोमध मूठ दाबून पहा. मेमध्ये जी ताणलेली आहे ती बाराही महिने राहील.

चौकटीसाठी खिशात चुंबक न्या. सीटखाली विणीतून पाइप जिथे दिसतो तिथे लावा. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर बहुधा ॲल्युमिनियम. लोखंडी चौकटीवर पावडर कोटिंग असतं, पण कोपऱ्यातल्या वेल्डिंगच्या जागी थर पातळ बसतो. त्यावर पट्टी गुंडाळलेली. पावसाचं पाणी पट्टीखाली शिरतं, वाऱ्याला वाट नाही, आणि गंज आतल्या आत खात जातो. वरून खुर्ची नवीकोरी. बातमी कळते ती फरशीवरून: पायाखाली तपकिरी गोल डाग दिसला की पाइपच्या आत पाणी साचलेलं आहे. पायाची प्लास्टिकची टोपी काढून पाइपच्या सगळ्यात खालच्या जागी ४ मिलिमीटरचं भोक पाडा, पाणी निघून जाऊ द्या, कोरडं झाल्यावर आत रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) लावा आणि टोपीलाही भोक पाडूनच परत बसवा. टोपी घट्ट बंद केली तर पुन्हा तेच. नव्या लोखंडी सेटवरही हे पहिल्या पावसाच्या आधी करून टाकलं तर बरं.

ॲल्युमिनियमला गंज नाही, पण स्क्रू लोखंडी असतील तर त्यांच्याभोवती पांढरी भुकटी धरते आणि भोक मोठं होतं. स्क्रू स्टेनलेसचे बदलून घ्या, फार खर्च नाही.

मग घ्यायचं काय? घर पाहून ठरवा. वर छत आणि तीन बाजूंनी आडोसा असेल, म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांसारखा खोल व्हरांडा असेल, तर खरा वेतच घ्यावा. त्याच्यासारखी बसायला गार आणि पाठीला लवचीक खुर्ची प्लास्टिकमध्ये होत नाही. मोकळी गच्ची किंवा उघडं अंगण असेल तर ॲल्युमिनियमवर विणलेलं पॉलिथिलिन, आणि रंग फिका. काळी किंवा गडद चॉकलेटी पट्टी दिवसभर इतकी तापते की रात्री जेवायला बसतानाही ती कोमट लागते. लोखंडी चौकटीवरची पीव्हीसी पट्टी कितीही स्वस्त मिळाली तरी उघड्यावर ठेवायला नको. छपराखालच्या बंगईपुरती (झोपाळ्यापुरती) चालेल, तीही टांगायचा हूक आणि चौकटीचे सांधे तपासून.

एवढं करूनही अनेकांची खरेदी फसते ती उंचीत. विकरचा म्हणून जो सेट सगळीकडे दिसतो तो मुळात चहा पीत रेलायचा असतो: सीट १४-१५ इंचांवर, टेबल १६-१८ इंचांवर. त्यावर तर्री-पोहे जमतील, पानगे आणि वांग्याची भाजी जमणार नाही. पाटवडी रस्सा तर नाहीच, वाकून खाताना रस्सा सदऱ्यावर. जेवायला टेबल २९ ते ३० इंच, सीट गादीसकट १७ ते १८ इंच, दोन्हींत १० ते १२ इंचांचं अंतर लागतं. गादी दाबल्यावर दोनेक इंच खाली जाते, म्हणून माणूस बसलेलं असताना मोजा. माणशी २४ इंच रुंदी धरा आणि खुर्ची मागे सरकवायला टेबलाच्या कडेपासून किमान ३० इंच मोकळे ठेवा.

विणलेल्या टेबलात आणखी एक खोड असते. काचेखाली चारही बाजूंनी ४-५ इंचांची विणलेली पट्टी खाली लोंबते आणि गुडघे तिला घासतात. जमिनीपासून त्या पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत २५ इंच तरी हवेत, आणि खुर्चीचे हात त्याहून इंचभर खाली, नाहीतर खुर्ची टेबलाखाली जातच नाही. काच टेम्पर्ड (तापवून कणखर केलेली) आहे का ते विचारा. साधी काच गरम भगोन्याने तडकते.

खरं तर जेवायचं टेबल विणलेलं घेऊच नये, ना वेताचं ना प्लास्टिकचं. हळद आणि तेल विणीत एकदा बसलं की प्लास्टिकवरूनही दात घासायच्या ब्रशनेच निघतं, वेतातून निघतच नाही. आपल्याकडे सीपी (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं, म्हणजे मध्य प्रांतातलं) सागवान मिळतं, त्याच्या अडीच इंची पट्ट्या ६ ते ८ मिलिमीटरची फट ठेवून लोखंडी स्टँडवर मारून घ्या. पाणी फटीतून निघून जातं, वर्षातून एकदा तेलाचा हात पुरतो. किंवा कडप्पा, जड आहे, पण मेच्या वादळात जागचा हलत नाही.

अंगण काळ्या मातीवर असेल तर फरशी दर पावसाळ्यात थोडी वर-खाली होते, कारण ही माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. चार पायांचं टेबल मग डगमगतं. पायांना खालून फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे बोल्ट लावून घ्या. खुर्चीच्या बारीक पायांखाली लॉनवर तीन इंची चकती हवी, नाहीतर जेवता जेवता माणूस एका बाजूला कलतो.

पट्टी एका जागी तुटली तर लगेच दुरुस्त करा. प्लास्टिकची वीण एका टोकापासून उसवत जाते. त्याच रुंदीची नवी पट्टी तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना चार-चार आडव्या पट्ट्यांखालून ओवायची आणि टोकं खालच्या बाजूला आणायची. फेविक्विकने पॉलिथिलिन चिकटत नाही. वेताची सुटलेली साल मात्र तासभर पाण्यात भिजवून मऊ केल्यावर ओली असतानाच घट्ट गुंडाळायची. सुकताना ती स्वतःच आवळून बसते. ॲल्युमिनियमच्या खुर्च्या हलक्या असल्याने एप्रिल-मेच्या संध्याकाळच्या वावटळीआधी गच्चीवरच्या खुर्च्या एकावर एक रचून कठड्याला दोरीने बांधून ठेवा.