अंधारात उजळलेला एक स्क्रीन आणि मागच्या तीन रांगा

नाटक रंगात आलंय, स्टेजवर दोनच माणसं, लाइट अगदी मंद, एकाने काहीतरी विचारलंय आणि दुसरा काय उत्तर देतो याची सगळं थिएटर वाट बघतंय. तेवढ्यात पाचव्या रांगेतला एकजण नुसता टाइम बघायला फोन काढतो. रिंग नाही, ब्राइटनेस कमी केलेला, तीन-चार सेकंदांचं काम. आपण कुणाला त्रास दिला असं त्याच्या मनातही येत नाही. पण त्याची हनुवटी खालून उजळते, चष्म्याच्या काचांत दोन पांढरे चौकोन दिसतात, मागच्या दोन-तीन रांगांतल्या नजरा खाली वळतात आणि ते उत्तर त्यातल्या काही जणांच्या हातून निसटतं ते कायमचं, कारण नाटक मागे घेऊन परत बघता येत नाही.

यावर लोक नेहमी शिस्तीच्या बाजूने नाहीतर "एवढं काय त्यात" च्या बाजूने भांडतात. मला वाटतं आधी डोळा आणि मेंदू कसा चालतो ते बघावं, अर्धा वाद तिथेच मिटतो.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात, शंकूपेशी आणि दंडपेशी. शंकूपेशी रंग आणि बारकावे बघतात, त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी कमी उजेडात काम करतात. हॉलमधले दिवे मालवले की डोळा हळूहळू अंधाराला सरावतो, शंकूपेशींचं काम साधारण दहा मिनिटांत होतं पण दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो, कारण त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य उजेडाने मोडतं आणि परत बनायला वेळ घेतं. आता गंमत अशी की बरोबर मधोमध, जिथून आपण रोखून बघतो तिथे दंडपेशी जवळजवळ नसतातच, त्या सगळ्यात दाट असतात तिथून साधारण वीस अंश बाजूला. म्हणजे नजर स्टेजवर खिळवून बसलेल्या माणसाच्या बाजूला किंवा थोडं खाली जो फोन पेटतो तो नेमका डोळ्याच्या सगळ्यात हळव्या भागावर येऊन पडतो. त्यात दंडपेशी सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला, आणि फोनच्या पांढऱ्या उजेडात निळा भाग चांगलाच असतो. म्हणून "मी ब्राइटनेस कमी केला होता" हे अंधाऱ्या हॉलमध्ये फारसं उपयोगाचं नाही, दिवसा जो स्क्रीन धड दिसतही नाही तो इथे टॉर्चसारखा वाटतो.

आणि तिकडे बघायचं की नाही हे आपण ठरवत नाही. नजरेच्या कडेला अचानक काही चमकलं किंवा हललं की मेंदू आपोआप लक्ष तिकडे वळवतो, रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हने शंभरेक वर्षांपूर्वीच या प्रतिक्रियेला "हे काय आहे?" प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) म्हटलं होतं. प्रेक्षक कितीही मन लावून बसलेला असला तरी हा झटका लागतोच.

शेजाऱ्याच्या स्क्रीनने नुकसान किती होतं याचा थिएटरमधला नाही पण वर्गातला एक चांगला प्रयोग आहे. २०१३ साली कॅनडातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना लेक्चरला बसवलं आणि नंतर टेस्ट घेतली. लॅपटॉपवर मध्येमध्ये दुसरी कामं करणाऱ्यांना ११ टक्के कमी मार्क पडले. पण दुसऱ्या प्रयोगात जे स्वतः कागद-पेन्सिल घेऊन नोट्स काढत होते, फक्त त्यांच्यासमोर इतरांचे असे लॅपटॉप दिसत होते, त्यांचे मार्क तब्बल १७ टक्के कमी आले. दोन वेगळे प्रयोग आहेत त्यामुळे आकड्यांची थेट तुलना नको, पण मागे बसलेल्याचं नुकसान खरं असतं, तो उगाच तक्रार करत नसतो, एवढं यातून नक्की कळतं.

हळू आवाजात "हं, नाटकाला आलोय, नंतर करतो" म्हणणारे असतात त्यांचंही तसंच. २०१० च्या एका अभ्यासात दिसलं की फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं कानावर पडलं तर लक्ष जास्त विचलित होतं, दोन्ही बाजू ऐकू आल्या तर तेवढं नाही, कारण पलीकडचा काय म्हणाला असेल याचा अंदाज मेंदू आपोआप बांधत राहतो.

बरं, फोनवाल्याचं स्वतःचं काय? २०१५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात लोकांनी फोनला हातही लावला नाही, नुसतं नोटिफिकेशन आलेलं कळलं, तरी लक्ष देऊन करायच्या कामात त्यांच्या चुका वाढल्या. म्हणजे व्हायब्रेटवर ठेवलेला खिशातला फोनसुद्धा नाटकातून माणूस काढून नेतो, भले तो खुर्चीतच बसलेला असो.

फोटो आणि रीलचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आठवण राहावी म्हणून आपण शूट करतो ना? २०१७ च्या एका अभ्यासात स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना बघितलेलं जास्त चांगलं आठवलं, पण ऐकलेलं कमी आठवलं. आता हे नाटकाला लावून बघा. नाटक उभं असतं संवादावर, आवाजाच्या चढउतारावर, दोन वाक्यांमधल्या पॉजवर, आणि फोटो काढताना नेमकं तेच हातातून जातं, सेट आणि कपडे तेवढे लक्षात राहतात. पुढच्या वर्षी त्याच विषयावरचा आणखी एक अभ्यास आला, त्यात सोशल मीडियावर टाकायचं म्हणून फोटो काढणाऱ्यांना स्वतःपुरते काढणाऱ्यांपेक्षा मजा कमी आली, कारण लोकांना हे कसं दिसेल ही काळजी मध्ये घुसते. स्टोरी टाकली की लाइक किती आले ते बघायला फोन परत निघतो तो वेगळाच.

या सगळ्यात जे मोडतं ते एकेकट्याचं लक्ष नसतं फक्त. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की एकच गोष्ट लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसांच्या हृदयाचे ठोके एकाच वेळी कमीजास्त होतात, ती माणसं एकत्र बसलेली नसली तरी. मात्र त्यांना मनात उलटे आकडे मोजायला लावले की हा मेळ ढिला पडतो. भरलेल्या हॉलमध्ये हशा एकदम फुटतो, शांतता एकदम पसरते, नट त्याच्यावर आपलं टायमिंग ठरवतो आणि पुढच्या रांगांमधला उजळलेला चेहरा त्याला स्पष्ट दिसतो. जुलै २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये पॅटी लुपोन या ज्येष्ठ अभिनेत्रीने चालू प्रयोगात मेसेज करत बसलेल्या प्रेक्षक बाईंच्या हातातून फोनच काढून घेतला होता. मला यात तिचा काही दोष दिसत नाही.

उपाय बरेच झालेत. न्यूयॉर्क शहराने २००३ मध्येच प्रयोग चालू असताना फोन वापरल्यास ५० डॉलर दंडाचा नियम केला. चीनमधल्या काही थिएटरांत फोनच्या स्क्रीनवर लेझरचा ठिपका मारतात, पण त्यामुळे अंधारात आणखी एक हलता उजेड वाढतो, म्हणून मला तो उपाय पटत नाही. फोन कुलूपबंद पाऊचमध्ये घालून प्रेक्षकाकडेच ठेवायचा हा जास्त बरा. तरी सरसकट बंदी नको, कारण मधुमेह असलेल्या काहींच्या फोनवर रक्तातल्या साखरेचा अलार्म येतो, आणि ऐकू कमी येणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेच्या नाट्यगृहांत गॅलाप्रो नावाचं ॲप संवादांची कॅप्शन दाखवतं, तेही काळ्या स्क्रीनवर, शेजाऱ्याला त्रास होऊ नये याचा विचार करून.

बाकीच्यांनी सायलेंट करून थांबू नये, सायलेंटमध्ये स्क्रीन उजळतो आणि व्हायब्रेशनही चालू राहू शकतं, त्यापेक्षा सरळ बंद करावा. आणि मनगटावरचं स्मार्टवॉच विसरू नका, टाळ्या वाजवायला हात वर केला की ते आपोआप पेटतं. ॲपल वॉचमध्ये २०१७ पासून यासाठी खास थिएटर मोड आहे, नाटकाच्या दोन मुखवट्यांचं चित्र असलेलं बटण, ते दाबलं की हात हलवल्याने स्क्रीन पेटत नाही, आणि इतर घड्याळांतही अशी सेटिंग बहुतेक सापडते, तिसऱ्या घंटेच्या आधी मिनिटभरात होणारं काम आहे.