चंद्रपूरचा मे महिना: ऊन आणि हवा यांचा एकत्रित हिशेब

चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेला तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ अतितप्त दिवस, लागला की दुपारी बाजारपेठ ओस पडते आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी दुचाकी बाहेर काढत नाही. याच शहराला लागून 2,920 मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे, भोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी आहेत, घुग्घुस आणि आवारपूरच्या बाजूला सिमेंटचे कारखाने आहेत आणि या सर्वांना जोडणाऱ्या रस्त्यांवर कोळशाची व राखेची अवजड वाहतूक चालू असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाच्या तीव्रतेनुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता.

उष्णतेच्या लाटेचा इशारा हवामान विभाग देतो आणि हवेच्या गुणवत्तेचा आकडा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यंत्रणेकडून येतो. हे दोन इशारे स्वतंत्रपणे येतात, म्हणून आपण ते स्वतंत्रपणेच वाचतो. शरीराला मात्र अशी खातेवाटणी माहीत नसते. उष्णतेचा भार आणि दूषित हवेचा भार शेवटी त्याच हृदयावर आणि त्याच फुप्फुसांवर पडतो, आणि दोन्ही एकदम पडले की होणारी हानी केवळ बेरजेइतकी राहत नाही.

आधी उष्णतेचे पाहू. माणसाच्या शरीराचे आतील तापमान 37 अंशांच्या आसपास असते आणि त्वचेचे साधारण 35 अंशांपर्यंत. भोवतालची हवा त्वचेपेक्षा थंड असेल तोवर शरीरातील उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा त्याहून तापली की हा प्रवाह उलटतो आणि घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने हे घडते, आणि एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता शरीराबाहेर जाते. ही उष्णता त्वचेपर्यंत आणून सोडण्याचे काम रक्ताचे असते. त्यासाठी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयाचे ठोके वाढतात, घामामुळे रक्तातील पाणी कमी होत जाते आणि कमी झालेल्या रक्तावर जास्त काम उरकण्याची वेळ हृदयावर येते.

घाम वाळणे हवेतील आर्द्रतेवर अवलंबून असते, त्यामुळे केवळ तापमानाचा आकडा फसवा ठरतो. तापमापीच्या टोकाला ओले फडके गुंडाळून जे तापमान मोजतात त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात, आणि बाष्पीभवनाने वस्तू कितपत गार होऊ शकेल हे त्यावरून कळते. चंद्रपुरात 45 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर हे तापमान 24 अंशांच्या जवळ येते; किनारपट्टीवर 38 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असेल, तर ते 29 अंशांवर जाते. म्हणजे सात अंश कमी तापमान असूनही किनाऱ्यावरच्या माणसाला शरीर गार ठेवणे अधिक अवघड जाते. नवी मुंबईतील खारघर येथे 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली, तेव्हा पारा विदर्भातल्या लोकांना किरकोळ वाटेल इतकाच होता. कोरड्या उन्हाचा धोका निराळा असतो: घाम येताक्षणी वाळतो, कपडे ओले होत नाहीत, आणि शरीरातून किती पाणी गेले याचा अंदाजच येत नाही.

आता हवेकडे वळू. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना पीएम 2.5 म्हणतात, ते फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांच्यामुळे दाह निर्माण होतो, रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण बिघडते. ज्या रक्तवाहिन्यांनी उन्हात मोकळेपणाने रुंदावायचे, त्यांनाच हे कण जखडतात, आणि ज्या रक्तातले पाणी घामावाटे आटत असते, तेच रक्त गोठायला अधिक तयार होते. शिवाय तापलेले शरीर जलद श्वास घेते, म्हणजे त्याच हवेतून अधिक कण आत जातात. कॅलिफोर्नियातील 2014 ते 2020 या काळातील मृत्यूंच्या अभ्यासात असे आढळले, की केवळ अतिउष्ण दिवशी मृत्यूचा धोका सुमारे 6 टक्क्यांनी वाढत होता, केवळ पीएम 2.5 अतिरिक्त असलेल्या दिवशी सुमारे 5 टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र आलेल्या दिवशी मात्र 21 टक्क्यांनी. तिथला धूर बराचसा वणव्यांचा असतो आणि घरेही निराळी असतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे विदर्भाला लावता येणार नाहीत. पण शरीराचे तंत्र इथेही तेच आहे.

उन्हाळ्यात याखेरीज आणखी एक वायू हजेरी लावतो, तो म्हणजे जमिनीलगतचा ओझोन. तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने आणि वीज केंद्रे यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर प्रखर ऊन पडले की तो हवेतच तयार होतो. साहजिकच भर दुपारी आणि दुपार कलताना त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. दम्याच्या रुग्णांना तो विशेष त्रासदायक ठरतो, आणि धूळ दिसते तसा तो डोळ्यांना दिसत नाही.

मोबाईलवर दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक वाचताना म्हणूनच थोडे सावध राहावे लागते. आठ प्रदूषकांपैकी ज्याचा उपनिर्देशांक सर्वांत जास्त, तोच त्या ठिकाणचा निर्देशांक मानला जातो. कणांसाठी 24 तासांची, तर ओझोनसाठी आठ तासांची सरासरी धरतात. दुपारी दोन तास हवा फार बिघडली तरी सरासरीत ती बोथट होते आणि पडद्यावर ‘मध्यम’ असा धीर देणारा शब्द दिसतो. तापमानाचेही असेच आहे. जाहीर होणारा आकडा पांढऱ्या, हवेशीर लाकडी पेटीत, सावलीत मोजलेला असतो. खाणीतल्या काळ्या दगडावर किंवा टिनाच्या छपराखाली उभ्या माणसाचा तो आकडा नव्हे.

खरी पंचाईत सल्ल्यांची होते. उन्हापासून वाचण्यासाठी रात्री खिडक्या उघडा असे सांगितले जाते आणि दूषित हवेपासून वाचण्यासाठी त्या बंद ठेवा असे सांगितले जाते. विदर्भात घरोघरी असलेला कूलर हा तर या विसंगतीचा नमुनाच आहे: तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो आणि 45 अंशांची कोरडी हवा तिशीच्या आसपास आणून सोडतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांमध्ये जाड धूळ अडकते, पण बारीक कण आत येतातच. तरीही माझे मत असे, की लाटेच्या दिवसांत निवड करावीच लागली तर उष्णतेला आधी आवरावे, कारण उष्माघात काही तासांत जीव घेऊ शकतो, तर कणांचे नुकसान बहुतेकांच्या बाबतीत दिवसांनी आणि वर्षांनी साचते. त्यामुळे कूलर बंद करू नये. रस्त्याच्या बाजूऐवजी मागच्या खिडकीत बसवता आला तर बसवावा, ताट्या धुवाव्यात आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करावी, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते. घरात वातानुकूलन यंत्र असेल तर प्रश्न सोपा आहे, कारण ते बहुधा खोलीतलीच हवा फिरवते. नुसत्या पंख्यावर मात्र 40 अंशांच्या वर विसंबू नये. आधी अंग किंवा कपडे ओले करावेत आणि मगच त्याचा वारा घ्यावा.

ज्यांना दमा, जुनाट श्वसनविकार किंवा हृदयविकार आहे, त्यांच्यासाठी वरचा क्रम इतका सरळ नाही. त्यांनी घरातली एक तरी खोली दिवसा पडदे ओढून थंड ठेवावी, त्या खोलीत उदबत्ती किंवा डासांची कॉइल लावू नये, आणि शेजारी कचरा किंवा कोळसा जळत असेल तेवढा वेळ त्या बाजूची खिडकी बंद ठेवावी. पहाटेची वेळ उन्हाच्या दृष्टीने उत्तम आणि ओझोनही तेव्हा कमी असतो. परंतु रात्रभरचा धूर वारा सुटेपर्यंत जमिनीलगत रेंगाळतो, म्हणून फिरायला जायचे तर ट्रकच्या रस्त्याने जाऊ नये. दम्याचा पंप दुचाकीच्या डिकीत ठेवण्याची सवय अनेकांना असते. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते आणि दाबाखालचे औषध असलेला तो डबा अशा उष्णतेसाठी बनवलेला नसतो.

मास्कबद्दल थोडक्यात एवढेच, की दुपट्टा ऊन आणि जाड धूळ अडवतो, बारीक कण नाही. एन-95 मास्क कण अडवतो, ओझोन नाही. राख उपसणाऱ्याने किंवा कोळसा भरणाऱ्याने तो जरूर वापरावा, मात्र उन्हात तो लावून सलग श्रम करणे कठीण असते, म्हणून सावलीत जाऊन तो काढण्याइतकी विश्रांती कामाच्या वेळापत्रकातच धरलेली असली पाहिजे. ही जबाबदारी मुकादमाची आणि मालकाची आहे, मजुराच्या सहनशक्तीची नव्हे. नव्याने कामावर आलेल्या माणसाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि पहिले काही दिवसच सर्वांत घातक असतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, तहानेची वाट पाहू नये. तासन्‌तास घाम गाळल्यावर नुसते पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे मिश्रण चालते, मीठ घातलेले पन्हे किंवा ताकही चालते. खिशात कांदा ठेवल्याने शरीराचे तापमान कमी होत नाही, पण तो ठेवणाऱ्याला हसण्यापेक्षा त्याच्या हातात पाण्याची बाटली द्यावी.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि काही मानसोपचाराची औषधे यांमुळे उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. ती परस्पर बंद करू नयेत. उन्हाळा लागण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी.

माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा त्याला झटके आले, तर तो थकवा नसून उष्माघात समजावा. श्रम करणाऱ्याला अशा वेळी घाम येत असला तरीही. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून न राहता त्याला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर भरपूर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, मानेशी, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, त्याला कुशीवर वळवावे आणि रुग्णवाहिकेतही अंग ओले ठेवावे.