सोयाबीनच्या बांधावरची गावरान गोगलगाय

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून इकडे ‘शंखी’ म्हटलं की आफ्रिकन गोगलगायच डोळ्यांसमोर येते. ती परदेशीच. विल्यम बेन्सन या बंगालमधल्या सनदी अधिकाऱ्यानं ती मॉरिशसहून आणली आणि १८४७ मध्ये कलकत्त्यात सोडली. हा गृहस्थ शंख-शिंपल्यांचा मोठा जाणकार होता, हे विशेष!

पण दख्खनच्या पठारावर आपली गावरान गोगलगायही आहे: क्रिप्टोझोना सेमिरुगाटा. आफ्रिकनचा शंख लांबट, निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा. हिचा बसका आणि गोल. उताणा धरला की मध्यभागी नाभीसारखं छिद्र दिसतं. वरची बाजू खरबरीत, खालची गुळगुळीत. उन्हाळाभर ती शंखाचं तोंड पातळ पडद्यानं बंद करून पडून राहते आणि पाऊस झाला की बाहेर येते.

या जातीचं वर्णन १८३७ मध्ये डेन्मार्कच्या बेकनं केलं. त्या काळी वर्गीकरण मुख्यतः शंखावरच चाले. एकमेकींशी फारसं नातं नसलेल्या कितीतरी बसक्या गोगलगायी तेव्हा ‘हेलिक्स’ या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, कोंबल्या गेल्या. सारख्या हवामानात शंखाची घडण सारखी होऊ शकते, त्यामुळे नुसत्या शंखावर विसंबलं की फसगत ठरलेली. हे चित्र पालटण्यात गॉडविन-ऑस्टिनचा वाटा मोठा. केटू शिखराला ज्याचं नाव दिलं गेलं, तोच हा सर्वेक्षक. १८८२ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या त्याच्या ग्रंथात शंखाइतकंच आतल्या शरीराला महत्त्व आहे: जननेंद्रियांची रचना, दातेरी जीभ, शेपटीच्या टोकाची चिकट द्रव सोडणारी ग्रंथी. दख्खनच्या काळ्या दगडाचा अभ्यास करणारा भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड आणि गॉडविन-ऑस्टिन यांचा भारतीय मृदुकाय प्राण्यांवरचा खंड १९०८ मध्ये आला, ब्लॅनफर्डच्या निधनानंतर तीन वर्षांनी. पुढचे दोन खंड गुडे या अभ्यासकानं १९१४ आणि १९२१ मध्ये पुरे केले.

या सगळ्यांचा ओढा साहजिकच ओल्या डोंगररानांकडे होता, कारण गोगलगायींची विविधता तिथेच जास्त. कोरड्या मराठवाड्याच्या वाट्याला त्या मानानं कमीच लक्ष आलं, असं मला वाटतं. इथल्या गोगलगायींची चर्चा झाली ती पीक गेल्यावर, तीही ‘मारायचं कसं’ एवढ्यापुरती. मेटाल्डिहाईड या गोगलगायी मारायच्या विषाचं आमिष गावरान की परदेशी हे काही बघत नाही.

आता डीएनए तपासणीमुळे जवळच्या जाती वेगळ्या करणं सोपं झालंय. पण डीएनएबरोबर आतली रचनाही तपासायची तर पूर्ण वाढलेला प्राणी लागतो, शरीरासकट, मद्यार्कात ठेवलेला आणि गाव, शिवार, तारीख लिहिलेला. उन्हानं पांढरा पडलेला रिकामा शंख पाठवला, तर बऱ्याचदा प्रजातीपर्यंतच पोचता येतं, नेमक्या जातीपर्यंत नाही.